बोक्याचा आवाज थांबल्यावर

सोमवारी सकाळी भिंतीवरून शेवयांची वाटी पुढं करत सकीनाबी म्हणाली, "डॉक्टरभाऊ, उतार पडला बरं का. पहाटेपासून बादशाचा आवाजच बंद झाला. ओरडणं नाही, काही नाही. गपगार पडलाय," आणि चूळ भरायला उचललेला तांब्या पितांबरच्या हातात तसाच राहिला. बातमी चांगली होती. तीन दिवस त्या बोक्यानं गल्लीचे कान किटवले होते. शेजारचा टेलिफोन खात्यातला माणूस तर काल दुपारी दार उघडून, 'अहो, त्याला कुठंतरी सोडून तरी या,' असं म्हणून गेला होता. तेव्हा पितांबरनं हसायला हवं होतं, 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' असं म्हणायला हवं होतं. तसं काहीतरी तो बोललाही असावा, कारण सकीनाबीचा चेहरा फुलला आणि भिंतीपलीकडं गेला. पण वाटी गरम होती, तुपाचा वास येत होता, आणि तो ती दोन्ही हातांनी धरून मोरीच्या दगडावर उभा राहिला. पलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. कान देऊन ऐकलं तरी काहीच नाही. तीन दिवस जो आवाज बंद व्हावा म्हणून त्यानं देव मानत नसतानाही मनातल्या मनात कोणाची तरी विनवणी केली होती, तो बंद झाला होता, आणि आता तो पुन्हा यावा असं त्याला वाटत होतं.

पितांबर धुळ्यात पांझरा नदीच्या पुलापलीकडं गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होता. पगारपत्रकावर त्याच्या नावापुढं 'व्रणोपचारक' असं लिहिलेलं असे, आणि हा शब्द पगार वाटणाऱ्या कारकुनालाही एका दमात म्हणता येत नसे. साहेब लोक ड्रेसर म्हणत. बाकी सगळं जग डॉक्टर म्हणे. बैलाला खोड्यात घालायचं, वेसण धरायची, जखम धुवायची, किडे काढायचे, बांबूच्या नळीतून ढोस पाजायचा, साहेबांच्या हातात सुई द्यायची, हे त्याचं काम. पण साहेब बदलून जात, रजेवर जात, मीटिंगला जात, आणि पितांबर तिथंच असे. तेवीस वर्षांत त्यानं इतकी जनावरं हाताखालून घातली होती की गाय दारातून आत येतानाच तो तिचं दुखणं सांगे. नवे भामरे साहेब परभणीहून शिकून आलेले, वयानं त्याच्या मुलासारखे. तेही पहिल्या महिन्यात त्याला विचारून घेत. हे सगळं पितांबरला फार आवडे. इतकं आवडे की त्याची त्याला कधीकधी लाज वाटे, पण आवडायचं काही थांबत नसे.

आवाज थांबणं म्हणजे उतार नव्हे, हे त्याला नोकरीच्या सुरुवातीला चोपड्याच्या दवाखान्यात असताना कळलं होतं. गावच्या पाटलाचा, जीवरामआबांचा निमाडी बैल. सरकीची ढेप खाऊन खाऊन अंगानं असा भरलेला की बाजारात लोक थांबून बघत. त्याची लघवी अडकली. तीन दिवस तो मागचे पाय पोटावर मारत होता, शेपूट झटकत होता, उठबस करत होता. डॉक्टर रजेवर, म्हणून पितांबरच त्याला ढोस पाजत होता. चौथ्या दिवशी सकाळी बैल शांत झाला. कान पाडून नुसता उभा. आबांनी गोठ्यात नारळ फोडला, पितांबरच्या हातावर खोबरं ठेवलं आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमना हातले यश शे भो." दुपारी डॉक्टर आले. त्यांनी बैलाच्या मागून हात घातला, कोपरापर्यंत. मग हात बाहेर काढून बादलीत धूत म्हणाले, "फुटलंय. पिशवी फुटली. आता कळा थांबल्यात, कारण ताण राहिला नाही. सगळं पोटात पसरलंय." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बैल बसल्या जागी कलंडला. आबांनी नंतरही पितांबरला दोष दिला नाही. उलट म्हणाले, शेवटचा एक दिवस तरी तुमच्यामुळं सुखात गेला. त्या खोबऱ्याची चव पुढं बरेच दिवस त्याच्या तोंडात होती. आता मोरीपाशी उभ्या उभ्या ती पुन्हा आली, आणि त्यानं शेवयांची वाटी पत्र्याच्या डब्यावर ठेवून दिली.

पण बैलाचं वेगळं. तो स्वतःला हेच समजावत होता, दोन दिवसांपासून. बैल उभ्या उभ्या मुततो, चालता चालता सांडत जातो, आणि शेण टाकताना शेपटी उचलून वेगळा उभा राहतो. त्यात गल्लत व्हायला जागा नाही. मांजर मात्र दोन्ही कामांना एकसारखंच बसतं. शुक्रवारी संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा गल्लीत बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर बादशा बसलेला होता, पाठीला बाक काढून, डोळे बारीक करून. उठला, वाळू उकरली, दोन पावलं गेला, परत बसला. सकीनाबी दारात उभी होती. "डॉक्टरभाऊ, दुपारपासून हेच चाललंय त्याचं. बसतो, उठतो, ओरडतो. होत काहीच नाही." तिनं एवढं सांगायचा अवकाश, पितांबरच्या तोंडून निदान बाहेर पडलं होतं. "कोठा धरलाय, भाभी. सुकट घालता ना रोज? उन्हाळा, त्यात पाणी पीत नसेल. एरंडेल देऊ, सकाळपर्यंत मोकळा." आजूबाजूला दोनचार माणसं उभी होती. त्यांच्यादेखत त्यानं बोक्याची मान धरली, जबडा दाबला, आणि ड्रॉपरनं तेल घशात सोडलं. एक थेंब बाहेर आला नाही. कोणीतरी म्हणालं, डॉक्टरचा हात बघा. खरंच हात सुरेख चालला होता. निदान चुकीचं असेल असं त्याच्या मनातही आलं नाही. तेवीस वर्षांत ज्याच्या हाताखालून एकही मांजर गेलं नव्हतं, त्याला ते यायला तरी कुठून?

ती चूक होती. चूक माणसाकडून होते. शुक्रवारच्या चुकीबद्दल तो स्वतःला केव्हाच माफ करून मोकळा झाला असता. त्याचं मन शुक्रवारपाशी येई, तिथं जरा वेळ बसे, आणि मग शनिवारकडं जायची वेळ आली की बाजूला वळे. आताही तसंच झालं. तो घरात आला, खुंटीवरचा खाकी शर्ट काढला, गुंड्या लावायला लागला. बायको द्रौपदाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं त्याच्याकडं न बघताच विचारलं, "काय म्हने ती?"

"बरं आहे म्हणे. ओरडत नाही."

द्रौपदाबाईचे हात थांबले. "मंग तुमनं तोंड असं काबर?" मग तीच म्हणाली, "तीन दिन व्हयनात, तुम्ही काहीतरी लपाडी राहिनात. मी काय आंधी शे का? मांजर शे म्हनीसन काय व्हयनं, जीव शे ना तो. साहेबले सांगा ना मंग."

"तुला काय कळतं त्यातलं," तो म्हणाला, आणि शेवटची गुंडी चुकीच्या काजात गेली.

शनिवारी सकाळी साडेसातला तो असाच खाकी शर्ट घालून निघाला होता, आणि सकीनाबीनं त्याला दारातच गाठलं होतं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिचा नवरा कादरभाई गेल्यापासून ती घरात एकटीच. पोरगी मालेगावला दिलेली. कादरभाईंचं सायकलचं दुकान मोडलं तेव्हा तिथल्या ट्यूबच्या खोक्यात हे पिल्लू सापडलं होतं, अजून डोळे न उघडलेलं. तिनं ते कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलं. दिवसभर ती शिलाई मशीनवर परकर शिवी आणि त्याच्याशी बोले. भिंतीपलीकडून ऐकणाऱ्याला वाटावं, घरात दोन माणसं आहेत. "डॉक्टरभाऊ, तेलानं पोट तर साफ झालं त्याचं," ती म्हणाली. "दोन वेळा झालं. पातळ झालं. तरी वाळूत जाऊन बसतोच आहे. हे कसं?" हे ऐकल्यावर पितांबर आत गेला, जमिनीवर उकिडवा बसला आणि त्यानं बोक्याच्या पोटाखाली हात घातला. मागच्या पायांच्या जरा पुढं बोटांना ते लागलं. पेरूएवढं, गोल, टणक, ताणलेलं. बोक्यानं असा आवाज काढला की सकीनाबीनं तोंडावर हात ठेवला. पितांबरनं हात मागं घेतला. त्याला कळलं होतं. पुस्तकात वाचल्यासारखं नव्हे, बोटांना कळलं होतं, आणि बोटांना कळलेलं त्याच्याबाबतीत कधी खोटं ठरत नसे. पोट साफ झालेल्या जनावराच्या पोटात तो गोळा मळाचा असूच शकत नव्हता.

"काय आहे, डॉक्टरभाऊ?" सकीनाबीनं विचारलं. "आणू का साहेबांकडं? पिशवीत घालते, रिक्षानं येते तुमच्या मागोमाग."

"जुना मळ राहिलाय थोडा," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला अगदी स्थिर वाटला. "आणखी एक चमचा देऊ. साहेब शनिवारी घाईत असतात, त्यांची जळगावची गाडी असते. मांजराला घेऊन कुठं ताटकळत बसता? आणि मी आहे ना."

मी आहे ना. हे तीन शब्द त्यानं आयुष्यात किती जणांना ऐकवले असतील. आणि मग तो सायकलवर बसून पूल ओलांडून दवाखान्यात गेला आणि आठपासून बारापर्यंत भामरे साहेबांच्या हाताच्या अंतरावर होता. चार तास. त्यांनी मागितलेली कात्री त्यानं दिली, कापूस दिला, एका म्हशीचं शिंग धरलं. साहेबांनी मध्येच विचारलंही होतं, "काय पितांबर, आज गप्प?" तो म्हणाला, "ऊन लागतंय साहेब." ऊन होतंच. धुळ्यात मे महिन्यात ऊन नसेल तर काय असेल? एक वाक्य पुरलं असतं. साहेब, शेजारच्या बोक्याची लघवी अडकलीये, मी कोठा समजून एरंडेल दिलं. एवढं वाक्य तो खोड्याच्या लाकडाला टेकून मनात जुळवत होता आणि दर वेळी ते दुसऱ्या अर्ध्यापाशी येऊन अडत होतं. पहिला अर्धा तो बोललाही असता. पण साहेबांनी 'काय दिलंस?' असं विचारलंच असतं. बाहेर झाडाखाली शेतकरी बसलेले, खिडकीला गज, काच नाही, सगळं सगळ्यांना ऐकू जाणार. मागं एकदा कोणाचं तरी झुपकेदार कुत्रं आलं होतं, आणि त्यानं ते बैल बांधतात तशा गाठीनं बांधलं, तेव्हा साहेब नुसते हसले होते. वाईट हसले नव्हते. तरी ते हसणं त्यानं आठवडाभर उशाशी घेतलं होतं. बारा वाजले. साहेबांनी हात धुतले, शबनम खांद्याला लावली आणि ते एसटी स्टँडकडं गेले. त्यांची पाठ फाटकातून दिसेनाशी झाली तेव्हा पितांबरला सुटल्यासारखं वाटलं. हे त्याला सगळ्यात जास्त आठवत होतं, ते सुटल्यासारखं वाटणं.

रविवारी सकाळी दूरदर्शनवर मालिका असे आणि तेवढा तासभर त्यांचं सगळं देवपूर रिकामं होई. रस्त्यावर चिटपाखरू नाही, प्रत्येक घरातून एकच संवाद, एकच शंखनाद. त्याच्या घरी टीव्ही नव्हता. काल तो ओट्यावर बसला होता, आणि शंखनाद थांबे तेव्हा मधल्या शांततेत बोक्याचा आवाज येई. आता ते ओरडणं राहिलं नव्हतं. लांबलेलं, जाडसर, माणूस झोपेत बोलतो तसं काहीतरी होतं. तो उठून विहारात गेला. तिथं रविवारची वंदना चालू होती. सगळ्यांबरोबर त्यानं हात जोडले, शीलं म्हणायला सुरुवात झाली, आणि पहिलंच शील प्राणिमात्रांबद्दलचं. ते त्यानं लहानपणापासून हजारदा म्हटलं होतं. काल ते म्हणताना ओठ हलले, आवाज निघाला नाही. शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याच्याकडं बघितलं असं त्याला वाटलं. बघितलं नसेलही.

दुपारी फरशीवर पाणी मारून तो उघड्या अंगानं पडला, आणि बाप आठवला. भटू. तापीकाठच्या त्यांच्या गावात कोणाचं जनावर मेलं की बापाला बोलावणं येई. बाप दोरी घेऊन जाई, ढोर गावाबाहेर ओढून नेई, आणि तिथं सुरी चाले. लहानगा पितांबर लांब बाभळीखाली बसून बघे. बाप पोट फाडून आत बघायचा आणि स्वतःशीच बोलायचा. याच्या कोथळ्यात तार गेली होती. हिचं वासरू आडवं आलं होतं. याला कोणीतरी धोतरा चारला. सगळं बरोबर. ज्यांचं जनावर, ते वाऱ्याच्या उलट्या बाजूला नाकाला उपरणं लावून उभे राहत, आणि त्यांच्यापैकी कोणीही कधी विचारलं नाही की भटू, काय झालं होतं रे? त्या अख्ख्या गावात जनावराच्या पोटातलं सगळ्यात जास्त ज्याला कळत होतं, त्याला कोणी गोठ्याच्या आत येऊ देत नव्हतं. जनावर जिवंत असेपर्यंत त्याचा हात त्याला लागू देत नव्हते. मग छपन्न साल आलं, नागपूरला जाऊन आलेली माणसं परत आली, आणि बापानं दोरी चुलीत घातली. ओली होती, नीट पेटेना, घरभर धूर झाला. आई खोकत बाहेर गेली. बाप मात्र तिथंच बसून काडीनं ती ढोसत राहिला आणि म्हणाला, आता मेलेल्याला हात लावणार नाही. पोराला जित्या जनावराचं शिकवीन. पितांबरला नोकरी लागली त्या वर्षी बाप गेला. त्यानं पितांबरला जीवरामआबांच्या गोठ्यात, आतल्या बाजूला, बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभं राहिलेलं कधी बघितलं नाही. पाटलाच्या तोंडून आलेला 'डॉक्टर' त्याच्या कानावर कधी पडला नाही. पितांबरनं तो दोघांच्या वतीनं ऐकला होता. म्हणूनच तो शब्द त्याच्या एकट्याचा नव्हता, आणि एकट्याचा नसलेला शब्द एका बोक्यापायी कसा सोडून द्यायचा, असं काल दुपारी ओल्या फरशीवर त्याला अगदी रास्त वाटलं होतं. भिंतीपलीकडं मशीन बंद होतं. सकीनाबीनं तीन दिवसांत एक परकर शिवला नव्हता.

आता सोमवारचे सव्वासात झाले होते. त्यानं गुंड्या पुन्हा नीट लावल्या, चपला घातल्या, आणि उजवीकडं सायकलकडं जायचं सोडून तो डावीकडं वळला.

बादशा शिलाई मशीनच्या खाली, पायट्याजवळ गार फरशीवर कुशीवर पडला होता. सकीनाबीनं त्याच्यापुढं दुधाची बशी ठेवली होती. दुधावर साय धरली होती. पितांबर बसला आणि त्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बोका गुरगुरायला लागला. "बघा," सकीनाबी म्हणाली, "ओळखलं तुम्हाला. खुशीत आहे." पितांबरच्या हाताला कान लागला. गार होता. धुळ्याच्या मे महिन्यात, पत्र्याखालच्या खोलीत, जिथं लोखंडाला हात लावला तर पोळतो, तिथं त्या जनावराचे कान गार होते. तो वाकला. बोक्याच्या तोंडाला वास होता, मुतारीचा वास. मग त्यानं पोटाखाली हात घातला. बोका ओरडला नाही, अंगही आवळलं नाही. पेरूएवढं ते टणक काही आता नव्हतं. बोटं खोल गेली, सगळीकडं एकसारखं, ढिलं, अर्ध्या भरलेल्या पखालीसारखं. आणि बोका गुरगुरतच होता. तीन दिवस दारात उभं असलेलं काहीतरी आता घरात येऊन बसलं आहे, असं पितांबरला वाटलं.

"भाभी, याला दवाखान्यात नेऊ," तो म्हणाला.

"आता? आता तर बरा झाला."

"नुसतं दाखवून ठेवू साहेबांना." अजूनही त्याच्या तोंडून खरं निघत नव्हतं.

सकीनाबीनं वाद घातला नाही. तिनं डोक्यावरून पदर घेतला, परकराच्या चिंध्या घालून पिशवी मऊ केली आणि बोक्याला आत ठेवलं. पिशवी पितांबरनं घेतली. रिक्षा मिळाली नाही, दोघं चालत निघाले. पुलावर ऊन चढलं होतं. खाली पांझरेत पाणी म्हणून नव्हतं, नुसती वाळू आणि मध्ये शेवाळलेलं डबकं. सकीनाबी त्याच्या अर्धं पाऊल मागून चालत होती आणि बोलत होती. गप्प राहिलेल्या तीन दिवसांचं ती एकदम बोलून घेत होती. मालेगावहून पोरीची चिठ्ठी आलीय, ती म्हणते, अम्मी, मांजराला एवढं काय. तिला काय माहीत. तुम्ही शेजारी नसता तर मी काय केलं असतं, डॉक्टरभाऊ? मला तर काही सुचत नव्हतं. कादर असते तर म्हणाले असते, पितांबरला विचार, त्याला समजतं. पितांबरला पिशवीचं वजन हातात कळत होतं. ते हलत नव्हतं. पुलाच्या मध्यावर त्याला वाटलं, आता सांगावं, इथंच, साहेबांच्या आधी. त्यानं तोंड उघडलंही. समोरून उसाची गाडी आली, दोघं कठड्याला चिकटले, गाडी गेली, आणि सकीनाबी पुन्हा बोलायला लागली.

भामरे साहेब नुकतेच आले होते. दवाखान्यात अजून एकच गाय होती, तिचा मालक बाहेर झाडाखाली चिलीम ओढत होता. पितांबरनं टेबल पुसलं, चिंध्यांसकट बोक्याला वर ठेवलं. साहेबांनी पापणी वर करून बघितली, हिरड्या बघितल्या, पोटावर दोन बोटं ठेवून टिचकी मारली. मग त्यांनी सुई घेतली. औषध भरलं नाही, रिकामीच घेतली. पोटाच्या खालच्या बाजूला ती टोचली आणि दट्ट्या मागं ओढला. नळीत पिवळट तांबूस पाणी चढत गेलं, थांबेचना. तो वास टेबलाभर पसरला. बाहेर गाय एकदा हंबरली.

"लघवी किती दिवस झाली नाही?" साहेबांनी विचारलं.

"लघवी?" सकीनाबी म्हणाली. "नाही साहेब, कोठा धरला होता त्याचा. डॉक्टरभाऊंनी औषध दिलं, त्यानं आता आराम आहे. पहाटेपासून एकदाही ओरडला नाही."

साहेबांनी मान वर करून पितांबरकडं बघितलं. एक क्षणभरच. त्यांना सगळं कळलं हे त्या नजरेत होतं, आणि रागही नव्हता, हे जास्त वाईट होतं. मग ते सकीनाबीकडं वळून सावकाश म्हणाले, "बाई, त्याची लघवीची पिशवी फुटलीये. बोक्यांना होतं असं. मार्ग अडकतो. बाहेरून बघणाऱ्याला कोठा धरल्यासारखंच दिसतं, भल्याभल्यांची फसगत होते. वेळेवर लक्षातच येत नाही कोणाच्या. आता माझ्या हातात काही नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

दार उघडं होतं. साहेबांनी ते त्याच्यासाठी उघडून धरलं होतं. वेळेवर लक्षातच येत नाही कोणाच्या. नुसती मान हलवायची होती. सकीनाबी रडली असती, अल्लाची मर्जी म्हणाली असती, उद्या परवा पुन्हा भिंतीवरून हाक आली असती, आणि गल्लीत कोणाची शेळी आजारी पडली तर पहिली हाक त्यालाच आली असती. पितांबरला हे सगळं एकदम दिसलं, पुढची सगळी वर्षं दिसली, आणि त्या वर्षांत तो प्रत्येक हाकेला ओ देताना दिसला.

"लक्षात आलं होतं, साहेब," तो म्हणाला.

"पितांबर, राहू दे."

"शनिवारी लक्षात आलं होतं. सकाळी साडेसातला. पिशवी बोटांना लागली, भरलेली. पोट साफ झालेलं होतं, म्हणजे दुसरं काही असूच शकत नव्हतं. मग मी इथं आलो. बारा वाजेपर्यंत तुमच्याजवळ उभा होतो."

बाहेरचा माणूस चिलीम हातात धरून गजांतून आत बघत होता. सकीनाबी आळीपाळीनं दोघांकडं बघत होती. मग तिनं साहेबांना विचारलं, "शनिवारी आणलं असतं तर?"

साहेबांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. "नळी घातली असती."

"वाचला असता?"

"बहुतेक," साहेब म्हणाले, आणि उगाचच हात धुवायला गेले.

सकीनाबीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती पितांबरकडं बघत होती, शुक्रवारी दारातून बघत होती तशीच, काहीतरी समजावून घ्यायचं असल्यासारखी. "मी तर विचारलं होतं," ती म्हणाली. "पिशवी घेऊन तयार होते. मग बोलला का नाही, डॉक्टरभाऊ?"

त्यानं उत्तर शोधलं नाही. ते शनिवारपासून त्याच्या जिभेवरच होतं.

"तुम्ही मला डॉक्टर म्हणता ना, भाभी. म्हणून नाही बोललो."

सकीनाबी टेबलाजवळ आली, बोक्याच्या अंगाखाली दोन्ही हात घातले आणि त्याला चिंध्यांसकट उचलून पिशवीत ठेवलं. साहेबांना विचारलं, "किती वेळ आहे?" ते म्हणाले, दुपारपर्यंत असेल, घरीच असू द्या, सावलीत. तिनं मान हलवली. पितांबर पुढं झाला आणि येताना जशी त्यानं घेतली होती तशी पिशवी घ्यायला त्यानं हात केला.

"राहू द्या, भाऊ," ती म्हणाली, आणि पिशवी छातीशी धरून पायऱ्या उतरली.